प्रोग्रामची जावक नोंदवही

प्रश्न : आम्ही चौघे मित्र २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी एक छोटं ॲप लिहितो आहोत. हरवलेल्या माणसाची नोंद एका केंद्रावरच्या स्वयंसेवकाने केली की ती बाकीच्या केंद्रांवर लगेच दिसावी, एवढंच त्याचं काम. ॲप फ्लटरमध्ये आहे. आम्हाला मदत करणाऱ्या सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुमचं ॲप बाहेर कोणाकोणाशी बोलतं?" आम्हाला सांगता आलं नाही. त्यांनी टायनीप्रॉक्सी बसवायला सांगितली. ती लॅपटॉपवर बसवली आणि फोनच्या वायफायमध्ये तिचा पत्ता टाकला. ब्राउझरमध्ये काही उघडलं की लॉगमध्ये नोंद उमटते. आमच्या ॲपची मात्र एकही नोंद येत नाही, आणि ॲप तर नीट चालतं. असं का होतं? अशी हलकी फॉरवर्ड प्रॉक्सी नेमकी कशासाठी वापरायची? आणि तिच्यातून लोकांचे पासवर्ड दिसतात का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी तुमचं कोडं सोडवू. फ्लटरमधलं ॲप बाहेर जाण्यासाठी डार्ट भाषेचा स्वतःचा एचटीटीपी क्लायंट वापरतं आणि हा क्लायंट फोनच्या वायफायमध्ये भरलेली प्रॉक्सी बघतच नाही. तो फार तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतो, आणि फोनवरच्या ॲपला ती कोणी दिलेली नसतात. क्रोम फोनची सेटिंग पाळतं, म्हणून त्याच्या नोंदी येतात. तुमचं ॲप प्रॉक्सीला वळसा घालून सरळ बाहेर जातं, म्हणून ते नीट चालतंही. उपाय सोपा आहे. फक्त डीबग बिल्डमध्ये त्या क्लायंटच्या 'फाइंडप्रॉक्सी'ला लॅपटॉपचा पत्ता आणि ८८८८ हा पोर्ट द्या. सगळ्या ॲपला एकदम लागू करायचं तर 'एचटीटीपीओव्हरराइड्स' वापरा. नोंदी यायला लागतील.

पण तेवढ्यावर थांबू नका. नकाशा, क्रॅश रिपोर्ट, जाहिरात मोजणी अशी तयार प्लगइन तुम्ही जोडली असतील, तर त्यांतली काही आतून अँड्रॉइडच्या मूळ भाषेत लिहिलेली असतात आणि ती फोनची सेटिंग पाळतात. म्हणजे तुमच्या ॲपच्या नोंदी एका वाटेने येणार आणि त्याच्या पोटातल्या पाहुण्यांच्या दुसऱ्या वाटेने. दोन्ही एकत्र पाहिल्या तरच सरांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळेल. आणि मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. हरवलेल्या मुलाचं नाव, वय, फोटो, आईचा मोबाइल नंबर, इतकी नाजूक माहिती ज्या ॲपमध्ये भरली जाणार, ते ॲप कुठल्या कुठल्या यंत्रांशी बोलतं याची यादी लिहिणाऱ्यांच्या हातात असलीच पाहिजे.

आता ही प्रॉक्सी म्हणजे काय ते. सरकारी कचेरीत जावक टेबल असतं. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तिथून जातं. कारकून पत्ता बघतो, जावक नोंदवहीत क्रमांक टाकतो आणि पत्र पुढे रवाना करतो. फॉरवर्ड प्रॉक्सी ही प्रोग्रामची जावक आहे. एरवी प्रोग्राम समोरच्या सर्व्हरशी थेट जोडणी उघडतो. प्रॉक्सी लावल्यावर तो प्रॉक्सीशी जोडणी उघडतो आणि कुठे जायचं ते तिला सांगतो. साध्या एचटीटीपीत विनंतीच्या पहिल्या ओळीत एरवी फक्त पानाचा मार्ग असतो. प्रॉक्सीकडे जाताना तिथे पूर्ण पत्ता लिहिला जातो. एचटीटीपीएसची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रोग्राम 'कनेक्ट' नावाची विनंती करतो, की अमुक नावाच्या यंत्राच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत मला वाट काढून दे. प्रॉक्सीने २०० असं उत्तर दिलं की पुढे ती दोन्हीकडचे बाइट जसेच्या तसे इकडून तिकडे ढकलत राहते. पाकीट बंद असतं, कारकुनाला दिसतो तो फक्त पत्ता. तेव्हा पासवर्डबद्दलच्या तुमच्या शंकेचं पहिलं उत्तर असं : एचटीटीपीएस असेल तर टायनीप्रॉक्सीला पासवर्ड दिसत नाहीत, कुठल्या यंत्राशी, किती वाजता बोलणं झालं एवढंच दिसतं. साधं एचटीटीपी असेल तर सगळं उघडं असतं, आणि तशी एकही नोंद लॉगमध्ये सापडली तर आजच ती दुरुस्त करा.

फॉरवर्ड प्रॉक्सीशी गल्लत होते ती रिव्हर्स प्रॉक्सीची. एनजिनएक्ससारखं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सर्व्हरपुढे उभं करतात ते या कामासाठी. ती सर्व्हरच्या बाजूची, येणाऱ्यांना आत घेणारी. नावात साम्य असलं तरी दोन्हींची कामं उलटी आहेत.

वेबच्या जन्मानंतर थोड्याच वर्षांत फॉरवर्ड प्रॉक्सीची कल्पना आली. मे १९९४ मध्ये जिनिव्हाला वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे आरी लुओटोनेन आणि केव्हिन अल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवरचा निबंध मांडला. सर्नच्या वेब सर्व्हरमध्येच ती सोय केलेली होती. फायरवॉलच्या आत बसलेल्या लोकांना सुरक्षितपणे बाहेर पोहोचता यावं आणि एकदा आणलेलं पान दुसऱ्याला पुन्हा लांबून आणावं लागू नये, हे तिचे हेतू. १९९६ मध्ये हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून स्क्विड निघाली आणि पुढची कित्येक वर्षं कॉलेजं आणि कचेऱ्यांनी ती वापरली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून थेंब थेंब येणारी माहिती साठवून ठेवणं ही मोठीच बचत होती. आज बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसमधून होते, बंद पाकिटातलं काही साठवता येत नाही, त्यामुळे प्रॉक्सीचं ते जुनं आकर्षण ओसरलं. टायनीप्रॉक्सी १९९८ मध्ये स्टीव्हन यंग यांनी लिहायला घेतली आणि रॉबर्ट केस यांनी ती पुढे नेली. ती सी भाषेत आहे, मुक्त परवान्याखाली आहे आणि ती मुळात काही साठवतच नाही.

चाचणीच्या कामात हे न साठवणं मोठं वरदान आहे. सर्व्हरवरचा दोष तुम्ही दुरुस्त केला आणि मधल्या साठवणीने जुनंच उत्तर हातात ठेवलं, तर अख्खी दुपार भलत्या जागी शोधण्यात जाते. स्क्विडमध्ये साठवण बंद करता येते, खरं आहे, पण तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पर्याय इतके आहेत की चार माणसांच्या गटाने त्यात शिरण्यात अर्थ नाही. टायनीप्रॉक्सीची एक छोटी फाइल असते. कुठल्या पोर्टवर ऐकायचं, कोणाला आत घ्यायचं, कुठली नावं गाळायची, लॉग कुठे लिहायचा, एवढंच तीत भरायचं असतं. चालताना ती काही मेगाबाइट मेमरी घेते.

तरीही मेमरीची बचत हे मुख्य कारण नाही. आजच्या लॅपटॉपला तेवढ्याने काही फरक पडत नाही. हलकी प्रॉक्सी म्हणजे जी मनात आलं की सुरू करता येते आणि मनात आलं की मारता येते. प्रत्येकाच्या यंत्रावर त्याची त्याची वेगळी असू शकते. प्रत्येक चाचणीच्या आधी नवी कोरी उभी राहू शकते, चाचणी संपली की कंटेनरसकट पुसली जाऊ शकते. कचेरीच्या सामाईक प्रॉक्सीला तुम्ही हात लावू शकत नाही, कारण तिच्यावर इतरांचं काम चाललेलं असतं. स्वतःच्या प्रॉक्सीला हवं तितकं छळता येतं. आणि तुमच्या ॲपसाठी हे छळणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नाशिककरांना २७ ऑगस्ट २००३ आठवत असेल. त्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थाआधी, एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर, जे आपल्या नाशिकचेच, आणि इथले तरुण यांनी मिळून 'कुंभथॉन' उभं केलं. त्यातूनच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी 'अशिओटो' नावाची चटई तयार केली. माणसं तिच्यावरून चालत गेली की पावलांचा दाब मोजून ती गर्दीचा आकडा पुढे पाठवत असे. २०१५ च्या मेळ्यात ती प्रत्यक्ष वापरली गेली. गर्दीतून मिळालेला आकडा वेळेवर पुढे पोहोचला तरच त्याचा उपयोग, ही गोष्ट त्या मुलांना कळलेली होती. तुमच्या ॲपचंही तसंच आहे. स्नानाची पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्या दिवशी रामकुंडापासून तपोवनापर्यंत लाखो माणसांच्या खिशात लाखो फोन असतील आणि सगळे त्याच टॉवरांशी झोंबत असतील. फोनवर नेटवर्कच्या दांड्या पूर्ण दिसतील आणि तरी काहीही हलणार नाही. गंगापूर रोडच्या घरातल्या फायबरवर तपासलेलं ॲप त्या क्षणी काय करेल, हे आत्ताच पाहून ठेवायला हवं.

त्यासाठी तीन प्रकार करून बघा.

पहिला, ॲप नोंद पाठवत असताना प्रॉक्सी मारून टाका. जोडणी तुटते, ॲपला लगेच नकार कळतो. हा सौम्य प्रसंग आहे. बहुतेक ॲप यातून निभावतात.

दुसरा जास्त खरा. प्रॉक्सी मारू नका, गोठवा. लिनक्समध्ये कुठल्याही प्रोसेसला 'स्टॉप' सिग्नल पाठवला की ती जिथल्या तिथे थांबते आणि 'कंटिन्यू' पाठवला की तिथूनच पुढे सुरू होते. गोठलेल्या प्रॉक्सीकडे नवी जोडणी केली तर ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल ती स्वीकारतो, पण पुढे कोणी उत्तर देत नाही. नकार येत नाही, होकारही येत नाही. भरलेल्या टॉवरखाली फोन जे अनुभवतो ते हेच. आता बघा : स्वयंसेवकाच्या पडद्यावर काय दिसतं? गोल फिरणारं चक्र दिसत राहतं की 'नोंद फोनवर जपली आहे, नेटवर्क आल्यावर जाईल' असं दिसतं? त्याने कंटाळून बटण पुन्हा दाबलं तर काय होतं? मग प्रॉक्सी पुन्हा चालू करा आणि सर्व्हरवर मोजा. एकाच मुलाच्या तीन नोंदी झाल्या असतील तर तुमचं काम बाकी आहे. सर्व्हरने पहिली नोंद करून घेतलेली असू शकते आणि फक्त तिचं उत्तर वाटेत अडकलेलं असू शकतं. त्यामुळे प्रत्येक नोंदीला फोनवरच एक कायमचा वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये, असं लिहा. हरवले-सापडले केंद्रावर एकाच पोराच्या तीन नोंदी म्हणजे तीन ठिकाणचे स्वयंसेवक धावपळ करणार, आणि त्यांतले दोघे व्यर्थ.

तिसरा प्रकार सावकाश नेटवर्कचा. टायनीप्रॉक्सीला स्वतःहून उशीर लावता येत नाही. तिच्या कंटेनरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर लिनक्सच्या कर्नलमधलं 'नेटेम' लावा, म्हणजे प्रत्येक पॅकेट ४०० मिलिसेकंद उशिरा पोहोचेल आणि शंभरातली पाच वाटेत हरवतील, असं सांगता येतं. शॉपिफाय कंपनीने मुक्त केलेली टॉक्सिप्रॉक्सीही याच कामाची आहे, पण ती फॉरवर्ड प्रॉक्सी नाही. ती ठरावीक एका सर्व्हरपुढे उभी राहते, हे ध्यानात ठेवा. इथे पाहायचं ते हे, की अपयश आल्यावर ॲप किती घाईने पुन्हा प्रयत्न करतं. पाचशे स्वयंसेवकांचे फोन दर दोन सेकंदांनी एकदमच पुन्हा ठोठावायला लागले तर अडलेली वाट आणखी अडते. दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळा, म्हणजे सगळे फोन एका तालात ठोठावणार नाहीत.

आता गाळणीबद्दल, कारण लहान गटांमध्ये तिचा उपयोग फार कमी जण करतात आणि मला तिचं फार अगत्य आहे. टायनीप्रॉक्सीला नावांची यादी देता येते आणि 'फिल्टर-डिफॉल्ट-डिनाय' चालू केलं की यादीत असलेल्या नावांनाच बाहेर सोडलं जातं, बाकी सगळ्यांना ४०३ उत्तर मिळतं. चाचणीच्या कंटेनरमधून फक्त चाचणीचा सर्व्हर आणि चाचणीचा एसएमएस गेटवे एवढीच दोन नावं सोडा. एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये चुकून खऱ्या एसएमएस गेटवेचा पत्ता राहिला असेल, तर रात्री चालणारी चाचणी तिथेच अडेल आणि लाल दिसेल. गाळणी नसेल तर त्याच चाचणीतून 'तुमचा मुलगा सापडला आहे' असा संदेश कुठल्यातरी खऱ्या नंबरवर जाऊ शकतो. तुमच्या विषयात अशी चूक किती जिव्हारी लागेल, हे सांगायला नको. एक बारकावा : यादीतल्या ओळी रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचल्या जातात आणि नावात कुठेही जुळल्या तरी चालतात. नुसतं 'एसएमएस' लिहिलंत तर चाचणीचा आणि खरा, दोन्ही गेटवे सुटतील. पूर्ण नाव लिहा, आरंभ आणि शेवट यांच्या खुणा लावा, मधल्या टिंबापुढे उलटी तिरकी रेघ द्या.

कधी कधी पाकिटाच्या आत बघण्याची गरज पडते. सर्व्हरला नेमकं काय पाठवलं, कुठलं फील्ड रिकामं गेलं, हे कळायला हवं असतं. तेव्हा टायनीप्रॉक्सी बाजूला ठेवा आणि मिटमप्रॉक्सी घ्या. तिची सुरुवात अल्डो कोर्टेसी यांनी २०१० मध्ये केली, ती पायथनमध्ये आहे. ती स्वतःचं प्रमाणपत्र तयार करते. ते फोनवर बसवलं की ती दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावाने बोलते आणि मधला मजकूर तुम्हाला दाखवते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरणाऱ्याने बसवलेल्या प्रमाणपत्रांवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत. मूळ अँड्रॉइडच्या भागांना नेटवर्क सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, आणि डार्टच्या क्लायंटला त्याच्या कोडमध्येच, फक्त डीबग बिल्डपुरती ती परवानगी द्यावी लागते. ती परवानगी चुकूनही प्रकाशित होणाऱ्या बिल्डमध्ये जाऊ देऊ नका. म्हणजे पासवर्डबद्दलच्या शंकेचं दुसरं उत्तर असं, की प्रमाणपत्र बसवलेल्या तुमच्याच फोनवर ते तुम्हाला दिसतील. म्हणून अशा तपासणीत खोटी माणसं, खोटे नंबर आणि खोटे फोटोच वापरा. लॉगमध्ये खऱ्या माणसांची माहिती साठली की ती जपण्याची जबाबदारीही तुमच्यावर आली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही विसरत नाही.

सुरक्षेचा एक मुद्दा मात्र ठासून सांगतो. टायनीप्रॉक्सीच्या फाइलमध्ये 'अलाऊ'ची एकही ओळ नसेल तर ती येईल त्याला वाट देते. लॅपटॉपवर, घरच्या राउटरमागे, हे एक वेळ खपेल. पण स्वस्तातलं क्लाउड यंत्र घेऊन त्यावर ती अशी उघडी टाकली, तर इंटरनेटवर सतत फिरणारे चाचपणी करणारे प्रोग्राम ८८८८ पोर्ट शोधून काढतात, आणि कोणीतरी अनोळखी माणूस तुमच्या पत्त्यावरून नको ते उद्योग करू लागतो. लहान आकार म्हणजे निर्धोक असंही नाही. मे २०२४ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने टायनीप्रॉक्सीतल्या एका गंभीर दोषाची माहिती जाहीर केली. 'कनेक्शन' नावाच्या हेडरमध्ये विशिष्ट मजकूर पाठवून आधीच मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरायला लावता येत होती. त्या सुमारास इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या टायनीप्रॉक्सी नव्वद हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दोष असलेल्या आवृत्त्यांवर होत्या. १.११.२ या आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला. तुमची आवृत्ती तपासा, आणि प्रॉक्सीला फक्त स्वतःच्या यंत्राचा व घरच्या वायफायचा पट्टा एवढ्यालाच परवानगी द्या.

प्रश्न : आमची छोटी कंपनी कारखान्यांसाठी यंत्रांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर बनवते. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका ग्राहकाकडे ते बसवायला गेलो, तर आमच्या ऑफिसात उत्तम चालणारं सॉफ्टवेअर तिथे परवाना तपासणी आणि अपडेट या दोन्ही ठिकाणी अडलं. तिथले आयटीवाले म्हणाले, "आमच्याकडे सगळं प्रॉक्सीतूनच बाहेर जातं." अशी परिस्थिती आम्ही आमच्याकडे कशी उभी करायची?
– एक वाचिका, सिडको, नाशिक

उत्तर : तुमच्याकडे नुसती प्रॉक्सी सुरू करून हे दिसणार नाही. वरच्या वाचकाच्या ॲपसारखं तुमचं सॉफ्टवेअरही गुपचूप थेट वाटेने निघून जाईल आणि चाचणी हिरवी दिसेल. प्रॉक्सीची सेटिंग ही विनंती असते. पाळायची की नाही ते प्रत्येक लायब्ररी आपापलं ठरवते. म्हणून थेट वाट बंद करा. डॉकरमध्ये बाहेरचं जग न दिसणारं अंतर्गत नेटवर्क बनवता येतं. सॉफ्टवेअर त्यात ठेवा, आणि टायनीप्रॉक्सीचा कंटेनर मात्र त्या नेटवर्कमध्येही आणि बाहेरच्या नेटवर्कमध्येही जोडा. आता बाहेर पडायला एकच दार उरलं. जो भाग प्रॉक्सी पाळत नाही, तो लगेच उघडा पडेल.

मग काय काय पडेल त्याची तयारी ठेवा. नोडचं मूळ एचटीटीपी मॉड्यूल कित्येक वर्षं प्रॉक्सीची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपण होऊन बघत नसे. जावाला ती नकोच असतात, तिला तिच्या स्वतःच्या सिस्टिम प्रॉपर्टीमधून यजमानाचं नाव आणि पोर्ट द्यावा लागतो. गो भाषा व्हेरिएबल बघते, पण 'लोकलहोस्ट'कडे जाणाऱ्या विनंत्या प्रॉक्सीकडे पाठवतच नाही, त्यामुळे स्वतःच्याच यंत्रावरच्या सर्व्हरशी चाचणी केली तर प्रॉक्सी चालत नाही असं उगीच वाटतं. कर्ल साध्या एचटीटीपीसाठी त्या व्हेरिएबलचं फक्त लहान अक्षरांतलं रूप मानतं. त्याला कारण आहे. वेब सर्व्हरवरच्या सीजीआय प्रोग्रामला येणारं 'प्रॉक्सी' नावाचं हेडर मोठ्या अक्षरांतल्या नेमक्या त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये पोहोचतं, आणि बाहेरचा माणूस त्यातून तुमच्या प्रोग्रामची वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. २०१६ मध्ये 'एचटीटीपॉक्सी' या नावाने हा दोष पुन्हा गाजला आणि अनेक भाषांच्या लायब्ररींना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

परवाना तपासणी अडण्याचं एक कारण नावाचा पत्ता शोधण्यात असू शकतं. बंदिस्त नेटवर्कमध्ये आतल्या यंत्राला बाहेरच्या नावांचे आयपी पत्ते कळत नाहीत. ते प्रॉक्सी शोधून देते. सॉफ्टवेअरने आधी स्वतः नाव सोडवण्याचा प्रयत्न केला तर ते प्रॉक्सीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. वर सांगितलेल्या अंतर्गत नेटवर्कमध्ये तुमच्या कंटेनरला बाहेरची नावं सोडवता येत नाहीत ना, हेही तपासून घ्या. तसं असेल तरच हा दोष तिथे जसाच्या तसा दिसेल.

पुढची पायरी नाव आणि पासवर्ड मागणाऱ्या प्रॉक्सीची. टायनीप्रॉक्सीत 'बेसिकऑथ'ची ओळ घातली की ती ओळख न देणाऱ्याला ४०७ उत्तर देते. तुमचं सॉफ्टवेअर ४०७ आल्यावर वापरणाऱ्याला समजेल असं काही सांगतं का, की 'अज्ञात त्रुटी' म्हणून गप्प बसतं, ते पाहा. कारखान्यातल्या माणसाला रात्रपाळीत 'प्रॉक्सीचा पासवर्ड चुकला आहे' एवढं वाचायला मिळालं तर त्याचा फोन तुम्हाला येणार नाही. तो आपल्या आयटी विभागाला करेल, आणि काम तिथेच मिटेल. मोठ्या कंपन्यांमध्ये विंडोजच्या लॉगिनशी जोडलेली ओळखपद्धत असते, ती टायनीप्रॉक्सीत नाही. त्या ग्राहकाकडेच जाऊन तपासावं लागेल.

आणि काही ठिकाणी कंपनीची प्रॉक्सी बंद पाकिटंही उघडून तपासते. त्यासाठी कंपनी आपलं प्रमाणपत्र सगळ्या विंडोज यंत्रांवर बसवते, म्हणून ब्राउझर कुरकुर करत नाहीत. पण जावा, नोड आणि पायथनच्या बऱ्याच लायब्ररी विंडोजची यादी न पाहता स्वतःबरोबर आणलेली विश्वासू प्रमाणपत्रांची यादी पाहतात आणि जोडणी नाकारतात. हा प्रसंग मिटमप्रॉक्सीने घडवता येतो : तिचं प्रमाणपत्र फक्त विंडोजच्या यादीत घाला आणि तुमचं सॉफ्टवेअर चालवा. अडलं तर प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा मोह आवरा. ती बंद केलीत की ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये कोणीही मध्ये बसून तुमच्या अपडेटच्या जागी दुसरंच काही पाठवू शकेल. त्याऐवजी सेटिंगमध्ये जादा प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग देण्याची सोय ठेवा. ग्राहकाचा आयटी विभाग ती फाइल तुम्हाला आनंदाने देतो.

हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये बांधून रोजच्या बिल्डमध्ये घाला : बिनप्रॉक्सीचं, प्रॉक्सीचं, पासवर्डवाल्या प्रॉक्सीचं आणि पाकीट उघडणाऱ्या प्रॉक्सीचं, अशी चार वेगळी नेटवर्कं, आणि प्रत्येकात परवाना तपासणी व अपडेट. पुढच्या ग्राहकाकडे जाण्याआधी त्यांच्या आयटी विभागाला एक छोटं पत्रही पाठवा, ज्यात तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या नावांशी आणि कुठल्या पोर्टवर बोलतं त्याची यादी असेल. ती यादी आठवणीने लिहू नका. टायनीप्रॉक्सीच्या लॉगमधूनच काढा.